एक्केचाळीसपासून पुढे

आत्याला संध्याकाळच्या गणिताच्या वर्गात शिरायचं होतं, आणि त्यासाठी शाळा पूर्ण केल्याचा दाखला लागत होता. तो तिच्याकडे नव्हता. तिच्याकडे होती दातेरी चाकं कापण्यात गेलेली बावीस वर्षं आणि एक तेलकट वही.

"दाखला नाही ना? मग तुम्ही स्वतः शोधलेलं काहीतरी घेऊन या," वर्गाचे सर म्हणाले होते. बहुतेक कटवायलाच.

कारखान्यात मूळ संख्या म्हणजे डोक्याला ताप. चोवीस दात्यांचं चाक कुणीही कापेल. एकोणतीस म्हटलं, की चाक सारख्या भागांत फिरवायला यंत्रावर लावायची एकोणतीस भोकांची वेगळी चकती शोधत बसा. अशा हट्टी आकड्यांची यादी करता करता आत्याला एक माळ सापडली. एक्केचाळीस घ्या. त्यात दोन मिळवा, मग चार, मग सहा, मग आठ. त्रेचाळीस, सत्तेचाळीस, त्रेपन्न, एकसष्ट... सगळे हट्टी! तिने तब्बल दोनशे आकडे काढले आणि प्रत्येकाला भाग देऊन पाहिला. दोनपासून सदतीसपर्यंतच्या मूळ संख्यांनीच, कारण तिच्या यंत्राच्या चकत्या तिथेच संपत होत्या. एकालाही भाग गेला नाही.

शनिवारी ती सरांच्या खोलीत गेली. सोबत भाची होती, साक्षीदार म्हणून. निदान भाचीचं तरी तसं म्हणणं होतं.

सरांनी वही चाळली. "ही माळ जुनी आहे हो. लोकांना कधीची ठाऊक आहे."

आत्याचा चेहरा खर्रकन उतरला.

"पण हिने कुणाचं बघून नाही लिहिलेलं!" भाची उसळली.

"ते दिसतंय. नक्कल करणारा इतकी खाडाखोड करत नाही." सरांनी पान उलटलं. "बरं, ही थांबते कुठे?"

"थांबत नाही, सर. दोनशे तपासलेत."

सरांनी एक्केचाळिसाव्या आकड्यावर बोट ठेवलं. "सोळाशे एक्क्याऐंशी. याला एक्केचाळीसने भागा."

आत्याने भागलं. उत्तर एक्केचाळीस, बाकी शून्य.

"अगं आई गं," भाची पुटपुटली.

"एवढी मोठी चकतीच नाही आमच्याकडे," आत्या म्हणाली.

"होतं असं. मनाला लावून घेऊ नका." सरांनी वही मिटून पुढे सरकवली.

आत्याने ती घेतली नाही. "थांबा, सर. माळ खोटी निघाली, कबूल. पण मग दोनशेतल्या एखाद्याला तरी सातने भाग जायला हवा होता की नाही? का नाही गेला?"

सर काही बोलायच्या आत तिने खडू उचलला आणि एकेका आकड्याला सातने भागून उरलेली बाकी फळ्यावर मांडली: सहा, एक, पाच, चार, पाच, एक, सहा. आणि पुढे पुन्हा सहा, एक, पाच...

"आत्या, हे तर तेच तेच येतंय," भाची म्हणाली.

"येणारच गं. चाक आहे ते, सात दात्यांचं. एक फेरी झाली की पहिला दाता पुन्हा समोर. आणि या फेरीत शून्य कुठेच नाही. म्हणजे दोनशे काय नि दोन लाख काय, सातने भाग जाणारच नाही. तेराचं तसंच, सदतीसचंही तसंच. एकेक फेरी मोजली की संपलं." तिने खडू खाली ठेवला. "म्हणजे मी तपासत नव्हतेच, सर. पास व्हायचंच ठरलेल्यांची परीक्षा घेत बसले होते."

"आणि एक्केचाळीसच्या चाकावर?" सरांनी विचारलं.

आत्याने क्षणभर फळ्याकडे पाहिलं. "तिथे पहिलाच दाता शून्य."

सरांनी खण उघडून प्रवेशाचा अर्ज काढला. दाखल्याच्या रकान्यापाशी त्यांचं पेन अडलं.

"लिहा, सोबत भाची आणली आहे," भाची म्हणाली.

सरांनी रकाना कोरा सोडला आणि खाली सही केली. "सोमवारी सहाला या."

"पाळी सहाला सुटते, सर. यायला साडेसहा होतील."

"पहिला अर्धा तास मी भागाकार शिकवतो," सर म्हणाले. "तो बुडाला तरी चालेल."