वाक्याचं शेपूट

तिला घरात सगळे टाचणी म्हणायचे. अंगकाठी तशी आणि बोलणंही तसंच, त्यामुळे या नावाबद्दल कधी कुणाची तक्रार नव्हती. वय अकरा आणि वाचनाचा नाद असा, की ताटाशेजारी पुस्तक नसेल तर घशाखाली घास उतरत नसे. तिची मावशी एका प्रकाशकाकडे मुद्रितं तपासायची. मुलांची कादंबरी छापायच्या आधी ती दोन-चार मुलांना वाचायला द्यायची आणि त्यांचं मत मागायचं, अशी तिथली पद्धत होती. मावशीने भाचीचं नाव पुढे केलं. भाचीने वाचून मत लिहून दिलं आणि आता ते छापून येणार म्हटल्यावर तिला स्वर्ग दोन बोटं उरला.

पुस्तक आलं. ते घेऊन सगळ्यात आधी दारात उभी राहिली शेजारची मैत्रीण. ही वाचायला एक नंबरची आळशी. टाचणी "हे घे" म्हणाली तरच पुस्तक उघडणार, एरवी नाव काढायची नाही.

"तुला हे खरंच आवडलं?" मैत्रिणीने विचारलं.

"छे. का ग?"

मैत्रिणीने पुस्तक उलटं धरलं. मागे ठळक अक्षरांत छापलं होतं, 'ही कादंबरी फारच छान आहे, एका दमात वाचून होते.' खाली टाचणीचं नाव आणि वय.

"तुझ्या भरवशावर आणलं मी. शेवट वाचून डोकं फिरलं. आता माझं मी बघेन."

म्हणजे ही आता काहीच वाचणार नाही, हे टाचणीला ठाऊक होतं. पण तिला झोंबलं ते वेगळंच. आजवर तिने वाईट पुस्तकाला चांगलं म्हटलं नव्हतं आणि आता तिच्याच नावाखाली धडधडीत खोटं छापून दुकानादुकानांत मांडलं होतं. तिने लिहिलं होतं, 'ही कादंबरी फारच छान आहे, एका दमात वाचून होते, असं मी कुणालाही सांगणार नाही.' आता आपली भाषाच अशी, की नकार जाऊन बसतो थेट वाक्याच्या शेपटाशी. शेपूट छाटलं की 'नाही'चं 'आहे' व्हायला कितीसा वेळ लागतो? आणि छाटलं कुणी, हे विचारायची गरजच नव्हती. लाल पेन पर्समध्ये घेऊन फिरणारं माणूस घराण्यात एकच होतं.

शाळा सुटल्यावर ती तडक मावशीच्या ऑफिसात गेली. मावशी मुद्रितांच्या ढिगाआड बसली होती. टाचणीने पुस्तक तिच्यापुढे ठेवलं.

"जागा नव्हती ग," मावशी म्हणाली.

"पाच शब्दांना?"

मावशीने पेनाचं टोपण काढलं, परत लावलं. "मालक म्हणाले, शेवटचं काढा. मी काढलं. मला इथे रोज यायचं असतं, बाळा."

तेवढ्यात मालक स्वतःच बाहेर आले. माणूस गोड बोलण्यात पटाईत. "ही का आपली छोटी समीक्षक? रविवारी प्रकाशन आहे. तू स्टेजवर तुझं वाक्य वाचायचं. काय?"

"माझंच वाक्य ना?"

"तुझंच."

"वाचीन," टाचणी म्हणाली. मावशीने एकदम वर पाहिलं.

रविवारी हॉल भरला होता. टाचणीने मैत्रिणीला हाताला धरून आणलं होतं. तिची पाळी आल्यावर ती माइकसमोर उभी राहिली आणि तिने वाक्य वाचलं. 'वाचून होते'पर्यंत मालक मान डोलावत होते. मग तिने पुस्तक मिटलं आणि उरलेले पाच शब्द सावकाश म्हटले.

मालक हसले, पण ते हसू काही जमलं नाही.

"का ग?" लेखिकाबाईंनी विचारलं.

"त्यातली मुलगी एकटी हरवलेल्या भावाला शोधून आणते. सगळं बरोबर करते. आणि शेवटी काका येतात, तिला ओरडतात आणि ती म्हणते, मी मोठ्यांचं ऐकायला हवं होतं. ऐकलं असतं तर भाऊ सापडलाच नसता."

"मी वीस वर्षं मुलांसाठी लिहितेय," बाई म्हणाल्या. त्यांचा चेहरा लाल झाला होता.

"मी अकरा वर्षं मूल आहे."

मागच्या रांगांतून हशा पिकला. मालक माइककडे धावले. "चल, बाईंना सॉरी म्हण बरं. शहाणी ना तू?"

टाचणीला रडू येत होतं आणि रडू येतंय याचाच तिला जास्त राग येत होता. "तुमच्या पुस्तकातली मुलगी म्हणाली ना सॉरी," ती म्हणाली. "तेच तर मला आवडलं नाही."

आता हशा पिकला नाही. आधी पोरांनी टाळ्या वाजवल्या, मग आयाबापांनी. लेखिकाबाईंनी नाही वाजवल्या. मालक धंद्याला पक्के होते. हॉलचा रंग पाहून त्यांनी तिथेच जाहीर केलं, की यापुढे मुलांची मतं आमच्या पुस्तकांवर जशीच्या तशी येतील.

बाहेर पडताना मैत्रिणीने टाचणीला कोपर मारलं. "मग आता मी काय वाचू?"

पुढची कादंबरी टाचणीकडे आली. तिने वाचली आणि मत मावशीच्या टेबलावर नेऊन ठेवलं. मावशीने वाचायला घेतलं. 'नाहि आवडली. नाहि पटली. नाहि सांगणार कुणाला वाचा म्हणून.'

तिन्ही वाक्यांत नकार आपला आधीच पुढे येऊन बसलेला. शेपूट छाटायला जागाच नव्हती.

"यातलं काही कापून घेता येतंय का बघा," मालक आतून म्हणाले. शब्द देऊन आठवडा झाला नव्हता.

"नाही," मावशी म्हणाली. मग तिने लाल पेन उघडलं आणि तिन्ही 'नाहि' दीर्घ केले.