गॅरेजमधल्या सहा बाटल्या

कुरिअरवाला दहाला येणार होता आणि नऊ वीसला निहारिकाला बाटल्या सापडल्या. फ्रिजात नव्हे, वॉशिंग मशीनच्या मागे, टॉवेलखाली. सहाही होत्या. सील शाबूत, काच कोमट.

गॅरेजमधल्या फ्रिजात पिठलं होतं, वरणाचे तीन डबे होते, कोणाची तरी खिचडी होती. सुतकात घरी स्वयंपाक नको म्हणून ॲडलेडभरच्या मराठी घरांतून डबे येत होते.

"यामिनीमावशी, ह्या बाहेर कोणी काढल्या?"

"मीच. परवा, सगळे फ्युनरलहून आले तेव्हा. अगं, पाणीच तर आहे! एवढं पिठलं ठेवायचं कुठे?"

परवा संध्याकाळी. आणि काल गॅरेजमध्ये छत्तीस अंश होते.

पाणी लॉरा बेनेटच्या बोअरचं होतं. शेजारच्या द्राक्षमळ्यातल्या फवारणीने ते नासलं आणि आपली मुलगी त्यानेच आजारी पडली, असा तिचा दावा. बाबांनी नमुन्यांचे दोन संच घेतले होते. पहिल्यात फवारणीचं औषध सापडलं; मळेवाल्यांनी तो निकाल धुडकावला. दुसरा संच आज दुसऱ्या लॅबला जायचा होता. तो सतत थंड राहिला असेल तरच कोर्ट मानणार होतं. फवारणी केव्हाच संपली होती. तसं पाणी पुन्हा मिळणार नव्हतं.

बाबा, एम्लिन प्रिचर्ड, सोळाव्या वर्षी वेल्समधल्या एका पत्रे बनवणाऱ्या कारखान्याच्या प्रयोगशाळेत काचसामान धुवायला लागले. रात्रीच्या वर्गांना जाऊन रसायनज्ञ झाले. मग तीस वर्षं इथल्या सरकारी प्रयोगशाळेत लोकांच्या पाण्यात काय आहे आणि किती आहे, एवढंच सांगत राहिले. एकदा भर कोर्टात ते म्हणाले, माझा आकडा धरू नका, आमची बाटली नीट धुतलेली नव्हती. खटला बुडाला, प्रमुखपद हुकलं. आई आठवडाभर त्यांच्याशी बोलली नाही.

हॉस्पिटलात शेवटचे दोन दिवस ते एकच विचारत होते. "फ्रिज किती?"

"चार, बाबा."

"तू बघून सांगतेस, की आठवून?"

ती दर वेळी घरी येऊन बघून जायची. फ्रिजच्या दारावर त्यांचा तक्ता होता: सकाळ, संध्याकाळ, तापमान, सही. आधी त्यांचे आकडे, मग तिचे. आणि परवा संध्याकाळपासून चार चौकोन रिकामे.

"चार लिही की," मावशी म्हणाली. "फ्रिज बंद कुठे होता? चारच असणार. यात खोटं काय?"

फ्रिजवरचा काटा खरोखरच चारवर होता. निहारिकाने पेन उघडलं.

आई दारात येऊन उभी राहिली. रडून रडून तिचे डोळे कोरडे पडले होते. "एम्लिनने काय केलं असतं, ते मला नको सांगूस. ते मी आयुष्यभर पाहिलंय. त्या बाईची मुलगी आठ वर्षांची आहे, नीहा."

"माहितेय, आई."

"मग?"

बेल वाजली. पहिल्या चौकोनात आकडा लिहायला पेन टेकलं, आणि तिथेच थांबलं. मग तिने चारही चौकोनांवरून एक आडवी रेघ ओढली आणि तिच्यावर लिहिलं: बाटल्या फ्रिजबाहेर. गॅरेज, छत्तीसपर्यंत. खाली सही केली.

कुरिअरवाल्याने तक्ता वाचला, वकिलांच्या ऑफिसला फोन लावला, ऐकलं. "सॉरी, मेट. नेऊ नको म्हणतात."

तो गेल्यावर निहारिकाने लॉराचा नंबर लावला. वकिलाच्या तोंडून कळण्याआधी आपण सांगावं, एवढंच तिच्या हातात होतं. बाटल्या बाहेर राहिल्या, तक्त्यात चारऐवजी तेच लिहिलं, हे तिने इंग्रजीत सांगितलं. सबब दिली नाही, मावशीचं नाव घेतलं नाही. मग लॉरा म्हणाली, "तुझ्या बाबांनी मला शब्द दिला होता."

"हो."

"मग तू चार लिहायचंस ना! कोण बघणार होतं?"

फोन स्पीकरवर होता. मावशीने पुढे होऊन तिच्या हातातला फोन घेतला.

"ते मी केलं," ती मोडक्या इंग्रजीत म्हणाली. "बाटल्या मी काढल्या. मला बोल. हिला नको."

आणि लॉरा बोलू लागली. मावशी उभ्यानेच ऐकत राहिली, मध्ये एकदाही न थांबवता.