मॅडमचा सत्कार

गावात कुणाला टिकवून ठेवायचं असेल, तर भैय्याजींकडे एकच औषध होतं: सत्कार. शाळेतले मास्तर बदली मागू लागले, घाला शाल. ग्रामसेवक महिन्यातून एकदाच तोंड दाखवू लागला, द्या नारळ. मास्तर शालीसकट गेले आणि ग्रामसेवक नारळासकट, पण या औषधावरचा भैय्याजींचा विश्वास तसूभरही हलला नाही. माणूस वाईट नव्हता. किराण्याचं दुकान सचोटीनं चालवायचा, अडल्यानडल्याला धावून जायचा. फक्त माइक दिसला की त्याला दम निघत नसे.

मांडवखेडीचं आरोग्य केंद्र तसं दृष्ट लागण्यासारखं होतं. पण तिथं डॉक्टर काही टिकत नसे. एक पुढं शिकायला गेला, दुसऱ्यानं हिंगणघाटला स्वतःचा दवाखाना टाकला, तिसरा रुजू झाला त्याच दिवशी दुपारच्या एस.टी.नं गेला तो गेलाच. मग आल्या डॉक्टर रक्षा. नागपूरच्या, एकट्या, शिक्षणाच्या बदल्यात लिहून दिलेल्या सरकारी बाँडचं एक वर्ष भरून काढायला. हीसुद्धा दिवस मोजणार, असं सगळ्यांनी गृहीत धरलं होतं. पण या बाईला माणसं पाठ होऊ लागली. कुणाच्या सुनेला कितवा महिना आहे, कुणाचा बाप गोळ्या उशीखाली लपवतो, कोण दारू सोडली म्हणून खोटं सांगतो, सगळं तिला ठाऊक.

आणि तिनं वच्छलाबाईंचा पाय वाचवला होता. वच्छलाबाई म्हणजे भैय्याजींची बायको. शुगरचं दुखणं जुनं, त्यात तळव्याला जखम झाली आणि चिघळली. शहरातल्या डॉक्टरांनी पाय कापायची भाषा केली, तेव्हा भैय्याजी तिथल्या दवाखान्याच्या जिन्यात बसून रडले होते. रक्षा मॅडम म्हणाल्या, "थांबा. मला थोडे महिने द्या." मग दिवसाआड त्या स्वतः घरी येऊन पट्टी करू लागल्या. आता जखम रुपयाएवढी राहिली होती.

एका सकाळी पट्टी झाल्यावर वच्छलाबाईंनी नवऱ्याला हळूच सांगितलं, "मॅडमचा बाँड संपून राह्यला, पन त्या जाऊन नाई राह्यल्या. इथंच राह्याचा अर्ज टाकला म्हनत होत्या."

भैय्याजींचा चेहरा उजळला. "मंग तं सत्कार झालाच पाह्यजे!"

"काऊन? राहूनच राह्यली तं गप बसा ना."

"कच्चं काम नाई ठेवाचं. गावाचं प्रेम दिसलं पाह्यजे."

"चांगल्या मानसाचा गवगवा करू नये, अहो. दृष्ट लागते."

बायकोचं ऐकलं असतं, तर ते भैय्याजी कसले? शाळेच्या मैदानावर मांडव पडला. जेवणावळ ठरली. नुसता गावचा सत्कार फिका वाटतो, म्हणून प्रमुख पाहुणे म्हणून आरोग्य खात्यातल्या बड्या साहेबांना आणलं. मॅडम पहिल्या रांगेत अवघडून बसल्या होत्या. भैय्याजींनी माइक हातात घेतला आणि त्यांच्या अंगात वारं शिरलं. आजूबाजूच्या दहा गावांची माणसं कशी इथं रांग लावतात, मॅडम आल्यापासून एकाही बाळंतिणीला कसं हिंगणघाटला पळवावं लागलं नाही, त्या एकट्या कशा तिघांचं काम करतात, सगळं सांगितलं. साहेब डोळे बारीक करून ऐकत होते. मध्येच त्यांनी शेजारच्या कारकुनाच्या कानात काहीतरी विचारलं. साहेब खूश झाले, असं भैय्याजींना वाटलं. ते खरोखरच खूश झाले होते.

पुढचा आठवडा उजाडत नाही तोच मॅडमच्या हातात ऑर्डर पडली. शहरातल्या मोठ्या सरकारी दवाखान्यात प्रतिनियुक्ती, तात्काळ.

भैय्याजींनी थेट साहेबांना फोन लावला. साहेब दिलखुलास हसले. "अहो, तिकडं डॉक्टर नाहीत म्हणून लोक रोज आरडाओरड करतात. आमच्याकडं असं रत्न आहे, हे मला तुमच्याच भाषणातून कळलं. तुमचे आभारच मानायला हवेत. तुमच्या केंद्रात शेजारचे डॉक्टर येऊन जातील, जमेल तसे."

जमेल तसे! करायला गेला गणपती, झाला मारुती. त्या दिवशी भैय्याजींनी दुकान उघडलं, पण गिऱ्हाइकाला साखरेऐवजी मीठ बांधून दिलं. त्यांना भीती वाटत होती. त्या पायाचं आता कोण पाहणार?

केंद्राच्या रुग्णवाहिकेचा ड्रायव्हर श्रावण दुकानावर आला. खात्यात त्याचे केस पांढरे झाले होते. तो आवाज खाली आणून म्हणाला, "भैय्याजी, सरकारात चांगल्याले शहरात ओढतेत अन् ज्याची तक्रार होते त्याले खेड्यात फेकतेत. तुमी मॅडमची तक्रार ठोकून द्या. येते का नाई वापस, पाहा."

भैय्याजींनी आधी त्याला हाकललं. मग दिवसभर त्यांच्या डोक्यात तेच घोळत राहिलं.

संध्याकाळी मॅडम शेवटची पट्टी करायला आल्या. वच्छलाबाईंचा पाय पाटावर होता. भैय्याजी दारात चुळबुळत उभे राहिले आणि शेवटी त्यांनी बोलून टाकलं. "मॅडम, राग नका मानू. तुमच्यावर एक खोटी तक्रार करू का? तुमाले वापस पाठवतीन."

मॅडम हसल्या. मग हसू ओसरलं. "काय लिहाल?"

"लिहीन काईबी. दवाखान्यात उशिरा येते, असं."

मॅडमचा हात पट्टीवर थांबला. "ते खोटं कुठं आहे? क्वार्टरची मोटर जळली तेव्हापासून मी हापशीवर पाणी भरते. नंबर लागेपर्यंत उशीर होतोच. तुमच्या दुकानात येऊन मी सांगितलं होतं."

भैय्याजींना आठवलं. "होऊन जाईन मॅडम," असं ते म्हणाले होते, आणि वर आग्रहानं चिवड्याचा पुडा दिला होता. पैसे घेतले नव्हते, याचा त्यांना तेव्हा केवढा अभिमान वाटला होता.

"तरी तुमी राह्यनार होत्या?" त्यांनी विचारलं.

"हो. अर्ज त्याच साहेबांच्या टेबलावर होता." मॅडमनी गाठ मारली आणि सामान पिशवीत भरलं. "दिवसाआड पट्टी बदला. जखमेची कड काळी दिसली, तर एक दिवसही थांबू नका." त्यांनी वच्छलाबाईंचे दोन्ही हात धरले. मग निघून गेल्या.

वच्छलाबाईंनी पाय पाटावरून खाली घेतला.

"तिच्या नावानं साऱ्या गावाले जेवू घातलं," वच्छलाबाई म्हणाल्या. "तिच्या घरी पानी हाये का, हे पाह्याले कोनी गेलं नाई. मीबी नाई." त्यांनी डोळ्यांना पदर लावला. "तक्रार नका करू."

"अन् तुहा पाय?"

"माह्या पायासाठी तिच्या नावाले काळं फासाल?"

तक्रार झाली नाही. क्वार्टरची मोटर मात्र दुसऱ्याच दिवशी भैय्याजींनी दुरुस्त करून घेतली. नळाला धो धो पाणी आलं. क्वार्टरला कुलूप होतं.

शेजारचे डॉक्टर एकदा येऊन गेले, नंतर त्यांना जमलं नाही. पट्टी भैय्याजीच करू लागले. जाड बोटांनी मारलेली गाठ सैल पडायची, तरी ते जमिनीवर बसून नेटानं करत. एका सकाळी पट्टी सोडली आणि ते जखमेच्या कडेकडे पाहतच राहिले. चष्मा काढून धोतराच्या सोग्याला पुसला, पुन्हा लावला, पुन्हा पाहिलं.

"कशी हाये?" वच्छलाबाईंनी विचारलं.

भैय्याजींनी जखमेवर नवी पट्टी ठेवली. ते गुडघ्यावर हात टेकून उठले.

"श्रावणले गाडी काढाले सांगतो," ते म्हणाले.