मी हरवलोच नव्हतो

मी एक लायसन बोलतोय. सरकारी नोंदीत मी हरवलेला आहे. खरं तर मी एक दिवसही हरवलो नव्हतो.

माझे मालक नाना. अंबडच्या कारखान्यात तीस वर्षं फिटर. हवालदाराने हात केला की मला ऐटीत पुढे करायचे.

मग नाना विसरायला लागले. एकदा सिग्नल हिरवा झाला तरी गाडी हलवेनात. कुठे निघालो तेच आठवेना. एकदा उड्डाणपुलावर उलट्या बाजूने चढले. शेजारी त्यांची मुलगी उज्वला बसली होती. घरी येताच तिने मला त्यांच्या पाकिटातून काढून साबुदाण्याच्या डब्यात खुपसलं. किल्ली लपवली असती तर नानांनी घर डोक्यावर घेतलं असतं. लायसनशिवाय मात्र ते गाडीला हात लावणार नाहीत, हे तिला ठाऊक होतं.

नानांनी कपाटं उपसली. "उज्वला, माझं लायसन पाहिलंस का गं?"

"नाही, नाना."

डब्यात मला हे रोज ऐकू यायचं.

एके दुपारी ती कामावर असताना शेजारचा सुयश आला. "तुटलं-फाटलं असेल तर जुनं जमा करायचं, नाना. हरवलं असेल तर पोलिसांकडे नोंद करायची. मग दुसरी प्रत मिळते. मी भरतो अर्ज."

"डोळे तपासतील का रे?"

"छे! मुदत आहे अजून तुमच्या लायसनची."

नवं कार्ड टपालाने आलं, तेव्हाही उज्वला घरी नव्हती. नाना लगेच निफाडला बहिणीकडे निघाले. पुढचं मी ऐकलं ते हवालदाराच्या तोंडून. द्राक्षबागेतला मजूर फकिरा सायकलवरून कडेकडेने चालला होता. नानांचा पाय ब्रेकऐवजी भलतीकडेच पडला. फकिरा जागीच गेला.

हवालदार गेल्यावर उज्वलाने डबा उघडला. मला हातात घेऊन ती जमिनीवरच बसली.

फकिराच्या तेराव्यानंतर ती त्याच्या घरी गेली. मी तिच्या पर्समध्ये होतो. तिने काहीच लपवलं नाही. फकिराची बायको कुसाबाई म्हणाली, "म्हाताऱ्याला कळत नव्हतं. तुला तर कळत व्हतं ना, बाई?"



हरवलेलं लायसन सापडलं तर कार्यालयात परत द्यावं लागतं. आज तिने मला खिडकीत ठेवलं.

"कुठं सापडलं?" कारकुनाने विचारलं.

"हरवलं नव्हतं. मी लपवलं होतं."

त्याने क्षणभर तिच्याकडे पाहिलं आणि मला एका पाकिटात घातलं.

आता माझा कुणाला उपयोग नाही. एवढंच सांगतो, घरातल्या माणसाने गाडी चालवू नये असं वाटलं, तर त्याच्या तोंडावर सांगा. तो चिडेल, रडेल, अबोला धरेल. धरू द्या.