त्सियालाची नोंदणी

जॉर्जियातल्या कुटाइसी शहराच्या नव्या, काचेच्या कचेरीत त्सियालाला धंद्याची नोंदणी तासाभरात मिळाली, आणि तिथंच तिच्या मनात पाल चुकचुकली. तिनं हळूच पुढं सरकवलेली घरच्या द्राक्षाच्या दारूची बाटली त्या पोरगेल्या कारकुनानं हसत परत केली होती.

"राहू द्या मावशी, आता तसलं चालत नाही."

"न घेणारा जास्त महाग पडतो बघ," घरी येऊन ती नवऱ्याला, वाझाला म्हणाली. सोव्हिएत राजवटीत खासगी धंदा गुन्हा असताना तो याच घरात चोरून जीन्स शिवायचा. त्यापायी पाच वर्षं तुरुंगात काढली. सुटून आला तो मुका झाल्यासारखाच.

त्सियालानं मागच्या खोलीत तीन शिलाई मशिनं मांडली, शाळेचे गणवेश शिवायला घेतले. पण पाटी लावली नाही, पडदे उघडले नाहीत, विक्री कुठं दाखवली नाही.

"अगं, कागद आहे ना तुझ्याकडं?" शेजारची लमारा म्हणाली.

"त्यांच्याकडंही आहे. नाव-पत्ता मीच लिहून दिलाय, माझ्या हातानं."

चौथ्या महिन्यात कर खात्याची दोन माणसं दारात उभी राहिली. एक पुरुष, एक तरुणी.

"नोंदणी आहे, धंदा दिसत नाही. बंद केलात का?" तरुणीनं विचारलं.

"कसला धंदा गं बाई? म्हातारी मी, फाटकं रफू करते."

"मग नाव काढून टाकू. इथं सही करा."

त्सियालाचा हात उचलेना. सही करावी तर धंदा गेला, न करावी तर खोटं उघडं पडलं. तेवढ्यात वाझा उठला. त्यानं मागचं दार सताड उघडलं, मशिनांवरच्या चादरी ओढून काढल्या आणि दोन्ही मनगटं पुढं केली.

"सगळं माझं आहे. हिला काही ठाऊक नाही. चला."

कर खात्याची दोघं एकमेकांकडं बघत राहिली.

"आजोबा, कुठं चला?" तरुणी हळू आवाजात म्हणाली. "विक्री तेवढी लिहीत जा." जाताना तिनं आपल्या लेकीसाठी गणवेश शिवून मिळेल का तेही विचारलं.

ती दोघं गेल्यावर वाझा खुर्चीत बसून हमसून हमसून रडला. तो सुटून आल्यापासूनच्या बावीस वर्षांत त्सियालानं त्याला असं पाहिलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी तिनं पाटी लावली. निम्मं कापड मात्र लमाराच्या तळघरात नेऊन ठेवलं.

"अजून विश्वास नाही?" लमारानं विचारलं.

"या पोरीवर आहे," त्सियाला म्हणाली. "तिच्या खुर्चीवर नाही."