मातृद्रावाचा थेंब

मित्रांनो, मी एक जुना क्ष-किरणमापक आहे आणि खरं सांगायचं तर आता फार दमलो आहे. किशिनाऊ शहरातल्या एका रसायनशास्त्राच्या संस्थेत, तळमजल्यावर माझी खोली. चर्चमधलं गाणं खिडकीतून आत येतं, तेवढाच विसावा.

मला दूर उत्तरेच्या कारखान्यात घडवलं आणि पेंढ्यात गुंडाळून आगगाडीनं इथं आणलं. ज्या देशानं मला घडवलं तो उरला नाही, मी उरलो. मोहरीहून लहान स्फटिक माझ्या टोकावर बसवत. मी त्याच्यावर किरण सोडायचो, त्याला हळूहळू फिरवायचो आणि किरण कुठं कुठं उसळले ते टिपायचो. त्यावरून आत कोणता अणू कुणाशेजारी बसलाय ते कळे. मध्ये तांब्याचा नाहीतर कोबाल्टचा अणू, कीर्तनातल्या बुवांसारखा. एका अंगाला सेंद्रिय आम्लांचे गट ऑक्सिजनचे हात पुढे करून, दुसऱ्या अंगाला पिरिडीन नावाच्या रेणूची कडी नायट्रोजनचा हात देऊन. साऱ्यांनी सूर धरला की स्फटिक उभा! हे रूप पाहायला माझ्यापुढं रांग लागायची. मग दुसऱ्या शहरांत नवी यंत्रं आली, रांग तिकडं गेली. माझी किरणनळी क्षीण झाली, तिला बदली मिळेना. मला चालवणाऱ्या वारवराबाई तेवढ्या राहिल्या. चर्चच्या गायनात त्या पहिल्या ओळीत असत.

गेल्या ईस्टरची गोष्ट. ऑरिका नावाच्या तरुण संशोधक मुलीनं माझ्याच खोलीत, बाटल्यांमध्ये कोबाल्टचे गुलाबी स्फटिक वाढवले होते. त्यांची रचना कळली तर तिची जागा टिकणार होती. नाहीतर आईसारखंच तिलाही इटलीत, पादोवाला, परक्या म्हाताऱ्यांची सेवा करायला जावं लागणार होतं. सणाआधीचा गुरुवार म्हणजे आमच्याकडे घरोघरी झाडलोटीचा दिवस. ऑरिका आली आणि दारातच थबकली.

"माझ्या बाटल्यांतलं पाणी कुणी टाकलं?"

"मी!" शेजारच्या लेसरच्या खोलीतले इलारिओन सर फडकं झटकत म्हणाले. "काय तो आंबूस वास! ओतून दिलं. खडे बघ कसे कागदावर वाळत घातलेत. सणाला घाण ठेवतात का पोरी?"

"सर, ती घाण नव्हती हो! मातृद्राव होता. त्यातच ते वाढतात, त्यातच टिकतात."

कागदावरचे खडे फिके, धुरकट पडले होते. तिनं एकाला बोट लावलं, त्याचा खडूसारखा भुगा झाला.

"मग पुन्हा वाढव की," सर चाचरत म्हणाले.

"हिवाळाभर वाट पाहिली त्यांची. आता वाढतील तेव्हा मी पादोवात कुणाची तरी अंथरुणं बदलत असेन."

वारवराबाई एकेक बाटली उजेडात धरून बघत होत्या. "रडून झालं असेल तर भिंग आण, बाळ. हिच्या कडेला एक चिकटलाय. अजून ओला आहे."

केसासारख्या बारीक काचनळीत त्यांनी तो स्फटिक सरकवला, सोबत त्याच्याच द्रावाचा थेंब ठेवला आणि दोन्ही तोंडं मेणानं बंद करून ती माझ्या टोकावर बसवली.

"पण बाई, हे खटारं तग धरेल?" सरांनी माझ्याकडे बोट दाखवलं.

"तुमच्यासारखं बडबडत नाही ना, धरेल."

मित्रांनो, मला थांबायचं होतं. किरणनळी मिणमिणत होती, अंग कुरकुरत होतं. शुक्रवारी संध्याकाळी चर्चमध्ये प्रभूच्या अंत्ययात्रेची विलापगीतं सुरू झाली. वर्षभर ज्या गाण्याची वाट पाहायची, ते सोडून वारवराबाई माझ्याजवळ बसल्या. मला सोडून जाववेना त्यांना. खिडकीतून सूर आला तसा त्यांनी इथूनच धरला.

"काकू, मी गाऊ?" ऑरिकानं विचारलं.

"गा. बेसूर गायलीस तरी त्याला चालतं."

देवाला की मला, ते त्यांनी सांगितलं नाही. त्या दोन आवाजांच्या आधारानं मी फिरत राहिलो. शनिवारी शेवटचा किरण टिपला आणि माझी नळी विझली. ती पुन्हा पेटली नाही.

ऑरिकानं रचना उलगडली. मधोमध कोबाल्ट, त्याला धरलेले सगळे हात, आणि बाजूच्या पोकळीत पाण्याचा एकच रेणू. धातूला त्याचा हातही लागलेला नव्हता. पण शेजारच्या, हातात हात धरलेल्या अणूंच्या दोन साखळ्या त्याच्याच भरवशावर उभ्या होत्या.

इलारिओन सरांनी चित्रातल्या त्या पाण्याच्या रेणूवर बोट ठेवलं. "म्हणजे मी... हाच वाळवून टाकला?"

"हाच, सर."

सणाचा गोड पाव त्यांनी तिच्या टेबलावर ठेवला. ऑरिकाची जागा टिकली.

आता मी चादरीखाली असतो. परवा पुन्हा झाडलोटीचा गुरुवार आला. इलारिओन सर बादली घेऊन दारातच उभे राहिले. "ऑरिका, ही बाटली हलवू का?"

"नको, सर."

मग ते माझ्याकडे वळले. भंगारवाल्याची गाडी अंगणात उभी होती. "आणि याचं काय, वारवराबाई?"

बाईंनी चादर सारली, माझ्यावरची धूळ पुसली आणि चादर पुन्हा नीट पांघरली. गाडी रिकामी गेली.

मित्रांनो, मला पुन्हा चालवा, असं माझं म्हणणं नाही. दमलेल्याला विसावा पुरे. मागणं एवढंच, की जे जुनं, आंबूस, कुणाच्याच हातात हात नसलेलं दिसतं, ते ओतून देण्याआधी दारात थांबून एकदा विचारा. बादली तेवढी खाली ठेवा.