गुडघ्याचा ओळंबा

इसवी सन २००३, डिसेंबरातील दुसरा शनिवार, सायंकाळचे साडेपाच. स्थळ नाशिक, द्वारका चौकाजवळच्या एका छापखान्यावरील दालन. तेथे सुमनबाई मुलींना बॅले शिकवीत, आणि त्या दिवशी सहादू गवंडी त्यांच्याशी भांडायला आला होता.

त्याच्या लेकीच्या, संजनाच्या, बरोबरीच्या चौघींना पावलाच्या टोकावर उभे राहण्याचे कडक बूट मिळाले होते. तिला मात्र तिसऱ्यांदा नकार. मुली जो धरून सराव करीत, तो भिंतीवरचा लाकडी दांडा सहादूनेच बसवून दिला होता. तेव्हा चार शब्द सुनावण्याचा आपला हक्क आहे, असे त्याला वाटे.

"बाई, तीन वर्सं झाली, पोरगी दांडाच धरून हाय. गायसुदिक कधीतरी दावं सोडून चरायला जाती."

"गाय टोकावर उभी राहत नाही, सहादूभाऊ. पिशवीत भिंत तपासायचा ओळंबा असेल ना? काढा."

अठ्ठावन्न वर्षांच्या बाईंनी टाचा जुळवल्या, पावले दोन दिशांना वळवली आणि गुडघे सावकाश वाकवले.

"गुडघ्याच्या वाटीपासून दोरी सोडा."

सहादू खाली बसला. पितळी वजन हेलकावत थांबले, ते नेमके अंगठ्याशेजारच्या बोटावर. बाई उठल्या, पुन्हा वाकल्या. आठ वेळा वाकल्या, आणि आठही वेळा वजन त्याच नखावर येऊन थांबले. ज्या सरळपणासाठी तो जन्मभर विटांशी झगडला, तो येथे श्वास घेणाऱ्या देहात नांदत होता, चुन्यावाचून, सिमेंटावाचून. भांडण कुठवर आले होते, हेही तो विसरला.

"आता लेकीचा बघा."

दांड्याजवळून संजना पुढे आली. तिची पावले बाईंच्याहून अधिक वळली. काल पाहिले असते तर तो हरखला असता. ती वाकली. वजन अंगठ्याच्या आतल्या बाजूला, जमिनीवर उतरले. त्याने दोरी पुन्हा सोडली. तेच.

"पाऊल बाहेर, गुडघा आत," बाई म्हणाल्या. "टोकावर चढली, की सगळा भार वाकड्या गुडघ्यावर—"

त्याने हात वर केला. गवंड्याला भार समजावावा लागत नाही.

"बाबा, थोडंसंच आहे ना?" संजनाने विचारले.

सहादूने दोरी गुंडाळली.

"दोन बोटं हाय. भित असती तर पाडली असती. अजून नाय, संजे. दांडा धर."